टाकीवरची सरळ रेघ

रविवारी सकाळी आमच्या गॅरेजसमोर शे-दोनशे माणसं जमायची. ड्रायव्हर, मेकॅनिक, त्यांच्या बायका, आणि ज्यांच्याकडे साधी सायकलही नाही असे हौशी बघे. सगळ्यांचे डोळे लोखंडी स्टँडवर ठेवलेल्या मोटारीच्या पेट्रोलटाकीवर. टाकीशेजारी हातात वेल्डिंगची ज्योत घेऊन उभे असायचे आमचे काका.

पेट्रोलच्या टाकीला ज्योत लावणं म्हणजे मरणाशी मस्करी. काका मात्र टाकीच्या तोंडावर एक पांढरं फडकं टाकायचे, वाकून त्यातून लांबलचक फुंकर घालायचे आणि गर्दीकडे वळायचे.

"अग्नी म्हणजे कोण? माझं पाळलेलं मांजर! बस म्हटलं की बसतं. या टाकीत आता पेट्रोलची वाफ नाही, माझा श्वास आहे!"

मग वरच्या पत्र्यावर नवी नळी जोडली जायची. ठिणग्या उडायच्या. टाकी फुटायची नाही. टाळ्या पडायच्या, कुणीतरी डोळे पुसायचं, आणि फुंकर घातलेली फडकी आपापल्या दुकानात टांगायला न्यायला इतर गॅरेजवाल्यांची रांग लागायची.

मी दोरीपाशी असायचो. "टाकीला हात लावू नका, काकांचं तेज उतरतं," असं ओरडत गर्दी मागे सारणं हे माझं काम. नऊ वर्षं ते मी इमानेइतबारे केलं. वडील गेल्यावर काकांनीच मला आणि दादाला वाढवलं, हातात पान्हा दिला. त्यांच्यावर शंका घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी दादानं पलीकडच्या रस्त्यावर स्वतःचं दुकान थाटलं. काकांनी त्याला फडकं दिलं, डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "आता तुला भीती नाही." दादानं पहिलीच टाकी हातात घेतली. आठ दिवस उन्हात वाळवलेली, पेट्रोलचा वाससुद्धा येत नव्हता. तोंडावर फडकं टाकलं आणि ज्योत लावली.

तो आवाज आमच्या गॅरेजपर्यंत आला. दादाचा डावा कान कायमचा गेला. गालापासून खांद्यापर्यंतची कातडी सोलून निघाली.

काका दवाखान्यात आले, खाटेशी बसले. "श्रद्धा कुठंतरी कमी पडली रे," म्हणाले, आणि वहिनीकडे बघून पुढे, "घरातल्या माणसांचीही लागते." दादानं मान डोलावली! बरा होताच त्यानं जाहीर केलं, या सोमवारी पुन्हा टाकी घेणार, यावेळी पूर्ण श्रद्धेनं. वहिनी रडली, भांडली. तो बहिरा कान तिच्याकडे करून बसायचा.

वहिनी आमच्याच गॅरेजात रंगकाम करते. शुक्रवारी तिनं मला रंगाच्या खोलीत बोलावलं. भिंतीशी काकांनी जोडलेल्या सात टाक्या ओळीनं मांडलेल्या.

"भावजी, या टाक्या बघा."

"रोजच बघतो की."

"बघत नाही तुम्ही. रंग बघा."

जोडाभोवतीचा रंग जळून फुगला होता. पण चार बोटं खाली एक सरळ, आडवी रेघ होती आणि तिच्याखाली रंग जसाच्या तसा. सातही टाक्यांवर तेच.

"आग काय पट्टी ठेवून जळते?" वहिनी म्हणाली.

"काकांचं तेज..."

"तेज असं पातळी धरून राहतं होय? पातळी कोण धरतं, ते बादलीत बघा जरा."

मला एकेक आठवू लागलं. टाकी काका स्वतःच स्टँडवर चढवत, शटर बंद करून; रिकामी टाकी एका हातानं उचलता येते, तरी चेनपुलीनं. काम झाल्यावर "निवू दे" म्हणून सगळ्यांना जेवायला पिटाळत. आणि हात लावू नका म्हणून ओरडायला मी होतोच.

रविवारी वहिनी पान्हा घेऊन दोरीपाशी आली. मी ओरडायला हवं होतं. मी दोरी वर उचलली.

काकांची फुंकर नुकतीच घालून झाली होती, ज्योत पेटायची होती. वहिनीनं टाकीवर पान्ह्यानं ठोकलं. वरच्या बाजूला ठण्ण वाजलं. खाली नुसतं ठप्प.

"सूनबाई, लांब हो!" काका ओरडले. "तेज उतरेल!"

"उतरवतेच," ती म्हणाली आणि खाली बसून तिनं टाकीच्या बुडाचा बोल्ट सोडला.

पाणी! बदाबदा पाणी. काकांच्या चपला भिजल्या, ओघळ गर्दीच्या पायांत शिरला. "काकांचा श्वास बराच ओला दिसतोय," कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. मला हसू आलं नाही.

"काका, खरं काय ते सांगा," मी म्हणालो.

ते खाली बघत पुटपुटले, "गरम पाण्यानं, साबणानं तीन-चारदा धुतो. मग जोडाखाली चार बोटं राहतील इतकं पाणी भरतो. टाकीची तोंडं मोकळी ठेवतो. वाफेला फारशी जागाच उरत नाही."

"आणि फुंकर?"

"फुंकर लोकांसाठी."

"दादा लोकांतला होता?"

काकांनी भिजलेली चप्पल झटकली. मग म्हणाले, "सांगणारच होतो कधीतरी. सगळ्यांना कळलं असतं, तर माझ्याकडे कोण आलं असतं?"

सोमवारसाठीचं नवं फडकं हातात घेऊन दादा पुढेच उभा होता. त्याचा बहिरा कान आमच्याकडे होता, गलक्यात त्याला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. वहिनी त्याच्या चांगल्या कानाशी ओरडली, "पाणी! काका टाकीत पाणी भरायचे!"

दादानं धारेखाली हात धरला. बराच वेळ धरून राहिला.

"आणि मी वाळवली," तो म्हणाला. "आठ दिवस वाळवली."

काकांशी मी अजून बोलत नाही. त्यांनी गर्दीला बनवलं, ते मी एक वेळ विसरेन. पण सगळं माहीत असताना त्यांनी दादाच्या डोक्यावर हात ठेवला, ते मला विसरता येत नाही.

सोमवारची टाकी दादानं परत पाठवली. वहिनी त्या फडक्यानं ब्रश पुसते. तंत्रशाळेतल्या मास्तरांनी तर आम्हाला सांगितलं की काकांची पद्धतही अर्धीच आहे. शिकलेले लोक टाकी पाण्याच्या वाफेनं धुतात, न जळणारा वायू भरतात, आणि आत जळण्याजोगं काही उरलं नाही हे यंत्रानं मोजल्याशिवाय ज्योत जवळ आणत नाहीत. हे जमत नसेल तर टाकी बदला. रिकामी टाकी रिकामी नसते, तिच्यात पेट्रोलची वाफ असते, आणि वाफेला कुणाची श्रद्धा कळत नाही.

आमची दोरी मी काढून टाकली आहे. तुम्हाला कुठं कुणी "हात लावू नका, विचारू नका" असं ओरडताना दिसला, तर तिथंच थांबा आणि आधी विचारा. तो काहीतरी झाकतोय. मी नऊ वर्षं ओरडलो. काय झाकतोय, हे मलासुद्धा माहीत नव्हतं.