रंगाचे कपडे

हरेशला सुट्टी आठवड्यातून एक, तीही गुरुवारची. त्या एका दिवशी घरातल्या माणसांना एका जागी बसवणं म्हणजे कोंबड्या डालग्याखाली घालण्यासारखं होतं. एक आत ढकलावी तोवर दुसरी बाहेर.

तो पेणहून रोज रोह्याच्या एका केमिकल कंपनीत जायचा, सेफ्टी विभागात. गेटवर ‘अपघाताविना गेलेले दिवस’ असा मोठा फलक होता आणि त्यावरचा आकडा रोज एकाने वाढवणं हे त्याचं काम. अठरा वर्षांच्या नोकरीत तो एवढं शिकला होता, की माणूस ‘लागलं’ म्हणाला तरच लागतं. बोटातून रक्त येत असलेला कामगारसुद्धा ‘काय नाय साहेब, खरचटलंय’ म्हणाला की आकडा बिनघोर पुढे सरकायचा.

पोरगी किमया बारावी झाली. जुलैत ती नर्सिंगसाठी कोल्हापूरला जाणार हे ठरलं, तेव्हा हरेशच्या ध्यानात एक गोष्ट आली. फर्स्ट, सेकंड आणि नाईट शिफ्टच्या फेऱ्यांत त्याने ही पोरगी बहुतेक झोपलेलीच पाहिली होती. ती जायला सात गुरुवार उरले होते. त्या रात्री जेवताना त्याने जाहीर केलं, की आपल्या घराला एक छंद हवा, सगळ्यांनी मिळून करायचा.

नम्रता तेव्हा एका हाताने जेवत होती. दुसऱ्या हाताखाली गणपतीचा मुकुट होता, त्यावर खडे चिकटवायचे राहिले होते. तिने सांगितलं, की तिला एक छंद आधीच आहे, झोपेचा, आणि तोच मेपासून बंद आहे. हरेशचे वडील कमळाकर चाळीस वर्षं गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करत होते. सीझनमध्ये ते फक्त मूर्तीशी बोलत.

छंद सुचवला तो दहा वर्षांच्या मितेशने, फोनमधून मान वर न करता. त्याच्या मते जगात करण्यासारखे छंद दोनच होते, पेंटबॉल आणि एअरसॉफ्ट. त्यातला कुठला, यावर दोन गुरुवार खर्ची पडले.

पेंटबॉलमध्ये रंग भरलेली गोळी अंगावर फुटते. ज्याच्यावर रंग, तो बाद. एअरसॉफ्टमध्ये वाटाण्याहून थोडी लहान, प्लास्टिकची कोरडी गोळी येते. खूण राहत नाही. ज्याला लागली त्याने आपणहून हात वर करायचा आणि बाहेर व्हायचं. कंपनीतला फैजल आठ वर्षं शारजाला राहून आलेला, तिथे त्याने हा खेळ पाहिला होता.

“इमानाचा खेळ हाय तो, हरेशभाय,” तो म्हणाला. “लागली की मानूस सोताच सांगतो.”

हे ऐकून हरेशने आपलं कुटुंब मनातल्या मनात एकेक करून तपासलं. बायकोने एकोणीस वर्षांत एकदाही, दूध आपल्यामुळे उतू गेलं असं कबूल केलं नव्हतं. बापाने बिघडवलेल्या मूर्तीचा दोष आजवर ब्रशचा, हवेचा किंवा शाडूचा निघाला होता. मितेश तर गणिताच्या पेपरात पडलेला भोपळासुद्धा बाईंचा म्हणायचा. इमानाच्या खेळात ही माणसं अमर होती. हरेशला पुरावा हवा होता.

नम्रताचं म्हणणं सरळ होतं. घरात वर्षाचे दहा महिने रंग उडतो, मग सुट्टीच्या दिवशी निडीच्या मैदानापर्यंत जाऊन आणखी अंगावर घ्यायचा? एअरसॉफ्टलाही तिचा विरोध होता, कारण त्या बंदुका अगदी खऱ्यासारख्या दिसतात. समोरच्या चंद्रावतीमावशीने एकदा बघितली, तर संध्याकाळच्या आत पेणभर होईल. शेवटी किमया म्हणाली, “काय ते ठरवा, मी जायच्या आधी.” पेंटबॉल ठरलं. पुढच्या गुरुवारी कमळाकरांना कारखान्यातून सुटता आलं नाही, म्हणून तो गुरुवारही गेला. उरले चार.

निघायच्या सकाळी नम्रताने एक व्यवहारी गोष्ट केली, आणि घोटाळा झाला तो तिथेच. मूर्तीचं काम करणाऱ्या पेणच्या प्रत्येक घरात ‘रंगाचे कपडे’ नावाचं एक बोचकं असतं. चांगले कपडे कशाला नासवायचे म्हणून तिने ते सोडलं आणि पाचही जणांना त्यातलंच घालायला लावलं. ते कपडे मूळ कुठल्या रंगाचे होते हे आता देवालाच ठाऊक, म्हणजे ज्या देवांचे रंग त्यांवर होते त्यांना.

निडीजवळच्या फार्महाऊसवर शिवा नावाचा पन्नाशीचा माणूस मैदान सांभाळत होता. त्याने बंदुका, तोंडाचे मुखवटे आणि वरून घालायचे झगे दिले. नम्रताने झगे नाकाजवळ नेले आणि परत केले.

दहा मिनिटांत शिवाने शिट्टी मारली. “आजोबा, तुम्ही आऊट. खांद्यावर पिवळा हाय.”

कमळाकरांनी खांद्याकडे पाहिलं. अंगठ्याने दोनदा हलकेच फिरवलं, मूर्तीच्या गालावर छटा देतात तसं, आणि ओला पिवळा जुन्या पिवळ्यात मिसळून दिसेनासा झाला.

“ह्यो पीतांबराचा,” ते शांतपणे म्हणाले. “चार वर्सं झाली याला.”

शिवाने उभ्या जन्मात मूर्ती रंगवली नव्हती. तो मागे हटला. मग नम्रताच्या पाठीवरचा लाल शेल्याचा निघाला, मितेशच्या पोटावरचा निळा मोराच्या पिसाऱ्याचा. तिसऱ्या शिट्टीनंतर शिवाने शिट्टी खिशात घातली. दोन गुरुवार भांडून हरेशने पेंटबॉल निवडलं होतं आणि घरच्यांनी त्याचं एअरसॉफ्ट करून दाखवलं होतं, त्यातही इमान वगळून.

हरेश मैदानात रचलेल्या पिंपांच्या आडोशाला कपाळाला आठ्या घालून उभा असताना त्याच्या छातीवर फाडकन काहीतरी बसलं. चांगलंच झोंबलं. समोर गवतात किमया होती. बाकी कोणीही पाहिलं नव्हतं. सदरा बापाचा, त्यावर वीसेक वर्षांचे गणपती. एका डागाने काय फरक पडणार होता?

“पप्पा,” मुखवट्याआडून किमयाने विचारलं, “लागली ना?”

‘काय नाय, खरचटलंय’ हे शब्द अठरा वर्षांच्या सवयीने ओठांवर तयार उभे होते. पोरगी बंदूक खाली करून वाट पाहत होती, जणू उत्तर तिला आधीच माहीत असावं.

“लागली,” हरेश म्हणाला आणि हात वर केला.

बाद झालेल्यांसाठी कुंपणाबाहेर एक सिमेंटचा बाक होता. त्यावर जाऊन तो बसला, एकटाच. कुटुंबाला एकत्र आणायला निघालेला तेवढाच बाहेर होता, आणि आत नम्रता हसत होती. ती अशी कधी हसली होती हे तो आठवू लागला. आठवेना, तसा त्याला आणखी राग आला. कमळाकर सीझन विसरून मितेशला शिव्या घालत होते, मितेश त्यांना चुकवत पळत होता. एक गुरुवार असाच, कुंपणाच्या तारेतून बघण्यात चालला होता.

अर्ध्या तासाने शिवा येऊन सांगून गेला, की सगळ्यांच्या गोळ्या मघाशीच संपल्या, आता आत नुसती तोंडं चालू आहेत. तो वळला तोच किमया हात वर करून बाहेर आली आणि हरेशच्या शेजारी बसली.

“तू का आलीस?”

“मला लागली.”

“कोनी मारली?”

“मारली कोनीतरी. पाठीत.”

गोळ्या संपल्यानंतर लागलेली गोळी. कंपनीत अशी तक्रार आली असती, तर त्याने जागा, वेळ आणि साक्षीदार विचारले असते. तिची पाठ बघायला त्याने मान थोडी वळवली, आणि मग तशीच पुन्हा समोर आणली.

“दुखतंय का गो?”

“जरा.”

शिवा परत आला. वेळ संपून पंधरा मिनिटं झाली होती, पुढची मंडळी खोळंबली होती, आणि आतले तिघं काही ऐकत नव्हते. साहेबांनीच बोलवावं, असं तो अजिजीने म्हणाला.

“थांबावं लागेल,” हरेश म्हणाला. “त्यांना अजून कोनालाच लागलेली नाय.”

आणि तो बाकावरून उठला नाही.