दादाचा भाद्रपद

तळेगाव स्टेशनच्या बाजूला आमचं वाचनालय आहे. त्याच्या ओसरीवर दर रविवारी सकाळी बैठक बसते. बारा सभासद, प्रत्येकाचा एक मराठी महिना. ज्याचा महिना असेल त्याने आपल्या आवडीचं पुस्तक मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. अधिक महिना कुणाचाच नसतो, तेव्हा नुसता चहा होतो. भाद्रपद माझ्या थोरल्या भावाचा, माधवरावांचा. मी त्याला दादा म्हणते. नोकरी संपल्यावर माणसं शेती घेतात, देवदेव करतात. दादाने भाद्रपद धरून ठेवला होता. वर्षभर त्याची तयारी चालायची.

गेल्या वर्षी दादाची नजर गेली. माणूस अंधुक दिसतो, दार अंधुक दिसतं, अक्षर दिसत नाही. निगडीच्या डॉक्टरांनी सांगितलं की आहे तेवढं राखायचं, गेलेलं येणार नाही. दादाने ते शांतपणे ऐकलं आणि रिक्षात बसल्यावर मला विचारलं, "शालन, भाद्रपदाचं काय?"

बैठकीच्या रीतीप्रमाणे सभासदाला वाचता येत नसेल तर त्याच्या घरच्या कुणी वाचावं. महिना त्याचाच राहतो. कुणीच वाचलं नाही तर महिना जातो, आणि भाद्रपदासाठी वराळ्याच्या नव्या सोसायटीतले एक निवृत्त कर्नल तीन वर्षं थांबलेले होते. दादाचा मुलगा परदेशात. नात ऋचा पुण्याला, तिला मराठी वाचताना ओळीओळीला ठेच लागते. राहिली वहिनी. ती रोज सकाळी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायचीच. दादाने विचारलं आणि ती हो म्हणाली, पण पुस्तक माझं, म्हणाली. तीही रीतच होती. जो वाचेल त्याची निवड.

दादा म्हणाला, माझ्या कपाटातलं हवं ते घे. त्याची दोन कपाटं आहेत, पन्नास वर्षांत जमवलेली. वहिनी एकेका पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवत गेली. मी मागे उभी होते. पहिलं कपाट संपलं, दुसरं संपलं. तिने मला वळून विचारलं की तुला एखादी बाई दिसली का गं. मला दिसली नाही. पुरुषांनी बायकांवर लिहिलेलं पुष्कळ होतं.

"मी मुद्दाम नाही केलं," दादा खुर्चीतून म्हणाला.

"मुद्दाम केलं असतं तर एखादं चुकून राहिलं असतं," वहिनी म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. मी तिला चोपन्न वर्षं ओळखते, राग असता तर कळला असता.

दादाने बायकांची पुस्तकं पाहिलीच नव्हती असं नाही. उलट ती त्यानेच आणली होती. तो वाचनालयाचा चिटणीस होता तेव्हाची गोष्ट. बायकांना पुरुषांच्या घोळक्यात टेबलाशी उभं राहायला संकोच वाटतो, म्हणून त्याने बाजूच्या दाराशी त्यांच्यासाठी वेगळं कपाट केलं. बायकांनी लिहिलेलं सगळं त्यात ठेवलं, म्हणजे बायकांना लगेच सापडेल. दुपारी दोन ते चार ते उघडायचं. आम्हाला तेव्हा फार कौतुक वाटलं. मी लोणावळ्याला टेलिफोनमध्ये होते, सुटीच्या दिवशी मुद्दाम त्या कपाटासाठी यायची. लोणच्यांचं पुस्तक, व्रतांचं पुस्तक, एका डॉक्टरीणबाईंच्या आठवणी, सापांवरचं एक पुस्तक, कादंबऱ्या, सगळं एका रांगेत. दुपारी दोन ते चार तळेगावचे पुरुष झोपलेले असत. त्यामुळे त्या कपाटात काय आहे हे गावातल्या निम्म्या वाचकांना कधी कळलं नाही. दादाला मात्र प्रत्येक पुस्तकाचं नाव पाठ. खरेदीची शिफारस त्याचीच असायची. आत काय लिहिलंय ते त्याने कधी पाहिलं नव्हतं.

वहिनीने त्या कपाटातून एक कादंबरी आणली. एका कारखान्यातल्या संपाची, जिने लिहिली ती पूर्वी तिथेच नट-बोल्ट तपासायला होती. दादाने नाव ऐकलं आणि तीन दिवस एकेक हरकत काढली. कादंबरी नको, काही वैचारिक घे. संप आता कुणाला कळणार. एवढ्या जाड पुस्तकाचं चार रविवारांत काय होणार. शेवटी खरं होतं ते बोलला. महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचन थांबलं की अध्यक्ष विचारतात, "पुढं?" ऐकणाऱ्यांपैकी कुणी तरी "पुढं" म्हणावं लागतं. ज्याचा महिना त्याने म्हणायचं नाही. कुणीच म्हटलं नाही तर पुस्तकही जातं आणि महिनाही. "माझा महिना जाईल," दादा म्हणाला. वहिनीने मटार सोलता सोलता, मग कर्नलना सांगा, एवढंच म्हटलं. कर्नलना त्याने काही सांगितलं नाही.

भाद्रपदातला पहिला रविवार गणपतीच्या धामधुमीत आला, तरी माणसं आली. बहुतेक वहिनीला बघायला आली असावीत, कारण बैठकीत बाई कधी वाचायला बसली नव्हती. बसू नये असंही कुणी म्हटलेलं नव्हतं. आंबीचे सोपानभाऊ नेहमीच्या जागी, खांबाला टेकून. शेती करून आयुष्यभर कारखान्यात पाळ्या केलेला माणूस. ते म्हणाले, "वैनी, कालवन-भाकरीचं असंल तर आमी घरीच जातो. तितं निदान खायाला मिळंल."

"बसा भाऊ," वहिनी म्हणाली, "हे उपाशीपोटी ऐकायचं आहे."

हसणं झालं आणि वहिनीने वाचायला घेतलं. तिचा आवाज सपाट आहे, वर्तमानपत्राचा. दादासारखे चढउतार तिला येत नाहीत. सुरुवातीला खुर्च्या वाजत होत्या. मग कारखान्याचं गेट आलं, गेटाबाहेर महिनाभर बसलेली माणसं आली, त्यांच्यात एक तपासनीस बाई. सोपानभाऊंनी खांबाचा टेका सोडला. एका पहाटे संप मोडायला आणलेल्या कामगारांची बस येते, सगळे तिच्या आडवे होतात, आणि त्या बाईला खिडकीत आपला सख्खा भाऊ बसलेला दिसतो. तिच्या हातात दगड आहे. तिथे वेळ संपली आणि वहिनीने पान मुडपलं.

अध्यक्ष आदिनाथराव म्हणाले, "पुढं?"

कुणी बोललं नाही. मी दाराशी बसले होते, मला सगळ्यांचे चेहरे दिसत होते. कंटाळलेला एकही नव्हता. पण बाईने वाचलेल्या बाईच्या पुस्तकाला पहिला होकार कोणी द्यायचा, हा प्रश्न त्या ओसरीवर कधी आलाच नव्हता. सोपानभाऊ दादाकडे बघत होते. कर्नल शिष्टाचाराने जमिनीकडे. आदिनाथरावांनी घसा साफ केला आणि पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची रीत नाही.

"पुढं," दादा म्हणाला.

आदिनाथरावांना अवघडल्यासारखं झालं. "माधवराव, तुम्हाला म्हणता येत नाही. महिना तुमचा आहे."

दादा वाचणाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. ती मानाची खुर्ची. त्याला चेहरे नीट दिसत नाहीत, त्यामुळे तो कुणाकडेच बघत नव्हता.

"पुस्तक प्रमोदिनीने निवडलं, वाचलं तिने," तो म्हणाला. "महिना तिच्या नावावर लिहा. मी ऐकायला बसतो. आता म्हणतो, पुढं."

बायकोचं नाव त्याने चारचौघांत घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

आदिनाथरावांनी बाकीच्यांकडे पाहिलं. हरकत कुणाची नव्हती. सोपानभाऊ सतरंजीवर सरकून म्हणाले, "या हितं, भाऊ. खांब अर्धा तुमचा."

दादा उठला. दोन पावलांवर खांब होता, पण त्याला तो चाचपावा लागला. सोपानभाऊंनी हात धरून बसवलं. मानाची खुर्ची तशीच रिकामी राहिली. वहिनीने ना त्याच्याकडे पाहिलं, ना खुर्चीकडे. ती पिशवीत चष्म्याचं घर शोधत होती.

"वैनी," सोपानभाऊ म्हणाले, "दगड टाकती का न्हाई तेवडं तरी सांगा."

"पुढच्या रविवारी," वहिनी म्हणाली.

"मला घरी तरी सांगशील?" दादाने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही ऐकणारे."