चुकलो म्हण, झुंबर

कावळ्यांचा काही तुटवडा नव्हता. गोदाघाटावर तो कधीच नसतो. शेडच्या पत्र्यावर, विजेच्या तारांवर, पलीकडच्या पिंपळावर ते ओळीनं बसले होते आणि शेजारच्या कुणा मयताच्या पिंडावर खुशाल ताव मारत होते. फक्त चिमाजीअण्णा मौल्यांच्या पिंडाकडे एकही ढुंकून बघत नव्हता.

सकाळपासून माणसं ताटकळली होती. जानेवारीची थंडी कधीच ओसरली होती आणि ऊन टाळूवर आलं होतं. पिंडाला कावळा शिवल्याशिवाय कुणी अन्नाला हात लावणार नव्हतं, त्यामुळे मखमलाबादहून ट्रॅक्टर भरून आलेली म्हातारी मंडळी भुकेनं कासावीस झाली होती. दहाव्याला कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, हे सगळ्यांना ठाऊक. मग ज्यानं त्यानं पुढं होऊन अण्णांना शब्द द्यायला सुरुवात केली. मुलगा मनोज, डोक्याचा नुकताच गोटा केलेला, हात जोडून म्हणाला, “अण्णा, आईला अंतर देणार नाय.” कावळे ढिम्म. “मळ्याचा एक गुंठा विकणार नाय.” तरी ढिम्म. अण्णांचे मेहुणे वाळूमामा पुढं झाले. “दाजी, लेकीचं, रोशनीचं माहेर तुटू देणार नाय आम्ही.” एक कावळा खाली उतरला, पिंडापासून हातभर अंतरावर दोन उड्या मारल्या, मान वाकडी करून बघितलं आणि शेजारच्या पिंडापुढच्या वड्यावर जाऊन बसला. सगळ्या शेडनं एकदम हताश उसासा टाकला.

शेडच्या अगदी मागच्या खांबाला टेकून कॅप्टन झुंबर विधाते उभा होता. पहाटे मुंबईहून निघून, कसारा घाट चढून तो आला होता आणि आल्यापासून त्याच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. लोक बघत होते मात्र सारखे. आपल्या पाठीला डोळे फुटले असते तर बरं झालं असतं, निदान कोण काय कुजबुजतंय ते तरी कळलं असतं, असं त्याला वाटत होतं.

कारण अण्णांचा शेवटचा प्रवास झाला होता तो त्याच्याच विमानात.

मौल्यांचा मळा आणि विधात्यांचा मळा बांधाला बांध लागून. झुंबरचे वडील लवकर गेले, तेव्हापासून अण्णा त्याला बापाच्या जागी. झुंबर वैमानिक झाला तेव्हा अण्णांनी मळ्यातल्या गुलाबांचा एवढा जाड हार करून घातला होता की त्याची मान अवघडली होती. यंदा अण्णांना दिल्लीला जायचं होतं, मुलीचं, रोशनीचं बाळ बघायला. “रेल्वेत कशाला हाडं खिळखिळी करून घेता? माझ्या विमानात चला,” असं झुंबरच म्हणाला. त्याचीच हौस. अण्णा आणि त्यांची बायको गोजराकाकू नवे कपडे घालून विमानात बसले. अण्णांना त्यानं पुढं बोलावून सगळी बटणं दाखवली. “येवढी बटणं ध्यानात कशी राहतात रं?” म्हणून ते कौतुकानं हसले आणि जागेवर जाऊन बसले.

दिल्ली जवळ आली तेव्हा हवाई सुंदरी घाबरीघुबरी होऊन आत आली. अण्णांच्या छातीत कळ आली होती, अंगाला दरदरून घाम फुटला होता. प्रवाशांत एक डॉक्टर होते, ते म्हणत होते, लवकरात लवकर दवाखाना गाठा. झुंबरनं खाली कळवलं. रुग्णवाहिका तयार झाली, बाकीची विमानं बाजूला थांबवून त्याला वाट करून दिली गेली. सगळं जमून आलं होतं, एक धुकं सोडलं तर.

धुक्यात उतरण्याचा नियम अगदी साधा आहे. यंत्रांच्या भरवशावर एका ठरलेल्या उंचीपर्यंत खाली यायचं. तिथं धावपट्टीचे दिवे दिसले तर उतरायचं, नाही दिसले तर वर निघून जायचं. मधलं काही नाही. ‘आत्ता दिसतील’ नाही, ‘बहुतेक समोरच आहे’ तर मुळीच नाही. झुंबर त्या उंचीला आला आणि समोर नुसता कापूस. ‘मागं अण्णा आहेत,’ असं त्याच्या मनात आलं आणि त्याचा हात आणखी थोडं खाली जायला अगदी आसुसला. त्या एका क्षणाची त्याला नंतर जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती. त्यानं विमान वर घेतलं आणि जयपूर गाठलं. जयपूरला लख्ख ऊन होतं. रुग्णवाहिका धावपट्टीलगत उभी होती. अण्णांना तिच्यात ठेवलं आणि ते गेले.

एवढ्यावर थांबतं तर माणूस दुःख करून मोकळा झाला असता. पण पाठोपाठ आलेलं दुसऱ्या कंपनीचं विमान दिल्लीतच, त्याच धुक्यात उतरलं. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. पेपरात त्या कॅप्टनचा फोटो आला, वर मथळा, ‘धुक्याला धूळ चारणारा शूर वैमानिक’. नाशकात तो पेपर हातोहात फिरला. एकानं उतरवलं आणि एक पळाला, असा सरळ हिशेब लोकांनी मांडला. आपलाच झुंबर, अन् आपल्याच माणसाच्या वेळी कच खाल्ली! चार दिवसांनी विमानतळावरच्या कँटीनमध्ये तोच शूर कॅप्टन चहाचा कप हातात घेऊन झुंबरला हसत हसत सांगत होता, “दिवे? अरे यार, चाकं टेकली तेव्हा दिसले!” भोवतालचे चारजण हसले. झुंबरच्या हातातला चहा तसाच गार झाला. आता ही गोष्ट तो मखमलाबादेत सांगणार कुणाला? सांगितली असती तर म्हणाले असते, जळतोय.

मेख तिथंच होती आणि तिच्यापायी तो गेले दहा दिवस आतल्या आत धुमसत होता. विमान आपटलं असतं तर शंभरावर माणसं गेली असती, अण्णांसकट आणि अण्णांच्या शेजारी बसलेल्या गोजराकाकूंसकट. ते आपटलं नाही. पण न झालेला अपघात दाखवायचा कसा? त्याचा फोटो येत नाही, त्याच्या टाळ्या वाजत नाहीत. वाचलेल्यांतल्या एकालाही आपण वाचलो असं वाटत नव्हतं. उलट जयपूरला उतरवलं म्हणून लोकांनी त्याला शिव्या घातल्या होत्या, कुणाचं लग्न चुकलं होतं, कुणाची मीटिंग.

त्यात आज सकाळी भागाच्या नगरसेवकानं श्रद्धांजलीचं भाषण ठोकलं. दहाव्याला माईक हातात आल्यावर आमच्याकडचे पुढारी सोडतात होय! अण्णांच्या गुलाबांवरून गाडी हळूहळू हिंमतीवर आणली आणि मग म्हणाला, “मंडळी, काही जण संकटाच्या छाताडावर पाय देऊन उतरतात, अन् काही जण जयपूरला जातात.” सगळ्या माना एकदम मागच्या खांबाकडे वळल्या. झुंबरची कानशिलं तापून लाल झाली. पुढं होऊन त्या माईकवाल्याला विचारावं, बाबा, तुझी लेकरं हिंमतवाल्या वैमानिकाच्या हाती देशील का? पण दहाव्याला आलेला माणूस काय बोलणार.

आणि आता वाळूमामा पिंडापासून वळले आणि त्यांनी थेट त्याच्याकडेच बोट केलं.

“त्याला बोलवा. त्या विमानवाल्याला. दाजींचा जीव तिथंच गुतलाय.”

वाट मोकळी झाली. पाठीवर हात ठेवून, जवळजवळ ढकलतच, माणसांनी त्याला पुढं आणलं. मनोजनं मान वर करून बघितलं. लहानपणी याच मनोजला झुंबरनं सायकल शिकवली होती. आता त्याच्या डोळ्यांत नुसता राग होता.

“काय म्हणू?” झुंबरनं विचारलं.

“चुकलो म्हण,” मनोज म्हणाला. “दुसरं काय? उतरवायला पाहिजे होतं, भ्यालो, चुकलो, येवढं म्हण. आमचे अण्णा मोकळे होतील.”

“म्हणून टाक रे झुंबर,” मागून एक म्हातारा करवादला. “किती येळ झाला. एका शब्दानं तुझं काय जातंय?”

खरंच, काय जात होतं? झुंबरनं हात जोडले. समोर भाताचा गोळा, त्यावर काळे तीळ, बाजूला अण्णांना आवडायची म्हणून ठेवलेली शेव आणि पेढा. शेडच्या कडेला बायकांत गोजराकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, सकाळपासून पोटात पाण्याचा घोट नाही. शेजारी बाळाला मांडीवर घेऊन रोशनी. एक शब्द टाकला तर काकू जेवल्या असत्या, गाव पुन्हा आपलं झालं असतं. कोण साक्षीला होतं? भात आणि तीळ. ‘चु’ अगदी ओठांवर आला.

पण तो शब्द इथं ठेवून त्याला परत जाता येणार नव्हतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. तो शब्द त्याच्यासोबत विमानात येऊन बसला असता. पुढच्या धुक्यात, त्या ठरलेल्या उंचीला, समोर कापूस असताना, हात पुन्हा आसुसला असता आणि या वेळी त्याला थांबवायला काही उरलं नसतं. अण्णांसमोर हात जोडून आपणच तर कबूल केलंय, की खाली जायला पाहिजे होतं! त्याला त्या सगळ्या शेडचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. दुःख करायला आलो होतो, तेही हे लोक धड करू देत नाहीत.

“अण्णा,” तो मोठ्यानं म्हणाला, आवाज फाटला होता. “तुम्ही गेलात, माझा बाप दुसऱ्यांदा गेला. पण मी चुकलो नाही. उद्या पुन्हा तसंच धुकं असलं आणि मागं तुम्हीच बसलेले असलात, तरी मी वरच जाईन.”

एकदम गलका झाला. वाळूमामा थरथरत पुढं धावले, मनोजनं झुंबरच्या शर्टाला हात घातला, दोघातिघांनी त्याला मागं ओढलं. “मेलेल्या माणसाशी कुणी भांडतं का रे?” कुणीतरी ओरडलं. गलक्यानं पत्र्यावरचे कावळे उडाले ते थेट नदीपार गेले. आता तर आशाच संपली. गुरुजींना पुढं आणखी दोन विधी उरकायचे होते. त्यांनी घड्याळ बघितलं, निमूटपणे दर्भाच्या दोन काड्या वळून त्यांचा कावळा केला, तो मंत्र पुटपुटत पिंडाला शिववला आणि “चला, झालं. पाणी सोडा,” म्हणून मोकळे झाले. रीतच आहे तशी. खरा कावळा आला नाही तर गवताचा चालतो. पण मखमलाबादकरांचं समाधान झालं नाही, आणि पंगत बसली तरी झुंबरला कुणी ‘बस’ म्हणालं नाही.

तो बूट घालायला कडेला आला. राग उतरला होता आणि त्याच्या जागी नुसता शीण आला होता. एवढं बोलून काय साधलं? त्यांनी ऐकलं होतं, की तो अण्णांवर खेकसला. उद्यापासून हीच गोष्ट सगळ्या गावात फिरणार होती.

“झुंबर.”

गोजराकाकू मागं येऊन उभ्या होत्या, रोशनीचा आधार घेऊन. तो चटकन उभा राहिला. आता या काय बोलतील ते ऐकून घ्यायचं, उलटून बोलायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

“तू चुकला,” काकू म्हणाल्या. “मी मरेस्तोवर असंच म्हणणार.”

“म्हणा, काकू.”

“म्हणणारच. तुला इचारून नाय.” त्यांनी दम खाल्ला. “रोशनीला दिल्लीला परत जायचंय, बाळाला घेऊन. मनोजनं त्या दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढलंय, त्या पेपरातल्याच्या. ते मी रद्द करायला लावलंय. त्याच्या विमानात मी माझं नातवंड बसवायची नाय. तुझं विमान कधी असतं ते हिला सांग.”

हसावं की रडावं ते झुंबरला कळेना. दहा दिवस ज्या एका वाक्यासाठी तो तडफडत होता ते वाक्य या बाईनं, त्याला दोष देता देता, सहज बोलून टाकलं होतं.

“आणि त्या दिवशी धुकं असलं तर?” त्यानं विचारलं.

“तर फिरव,” काकू म्हणाल्या. “लागलं तर जयपूरला ने, नायतर आणखी कुठं ने. हिला नीट खाली ठेव म्हणजे झालं.”

“मग काकू, त्या दिवशी मी काय वेगळं केलं? काय चुकलो मी?”

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा हलला.

“त्या दिवशी माझा माणूस होता,” त्या म्हणाल्या.

शेडमध्ये पंगतीला भात वाढत होते. झुंबरनं डोळे पुसले आणि रोशनीला विचारलं, शुक्रवारी जायचंय की शनिवारी.