रिकाम्या घरांच्या किल्ल्या

उन्हाळा चढायला लागला की गल्ली एकेका घराने रिकामी व्हायची. आधी बँकवाले जायचे, मग मास्तरीणबाई, मग तिसऱ्या मजल्यावरची जुळ्यांची आई, दोन्ही हातांना दोन पोरं लोंबकळत, आणि जाताना प्रत्येकजण खालच्या पंखेवाल्यांच्या दुकानाशी थांबून घराची किल्ली पुढे करायचा आणि म्हणायचा, "तुम्ही काय, इथेच असता." ते खरंही होतं. पंखे दुरुस्त करणाऱ्या माणसाला उन्हाळ्यात सुट्टी कुठली? दुकानाबाहेर पात्यांचा ढीग लागायचा, आत जळक्या तारेचा वास भरून राहायचा, आणि बाबा घाम पुसत गिऱ्हाइकाला सांगायचे, "परवा या," म्हणजे चार दिवसांनी.

दुकानावरच त्यांचं घर होतं. दारामागे एक फळी, फळीवर सात खिळे. सहा खिळ्यांवर शेजाऱ्यांच्या किल्ल्या, आणि सातव्यावर ताईची.

ताई चार उन्हाळ्यांपूर्वी गेली. बाबांना पसंत नसलेल्या माणसाबरोबर, पसंत नसलेल्या शहरात. निघताना बाबा म्हणाले, "किल्ली ठेवून जा. मी या घरात असेपर्यंत तुझं पाऊल इथे पडायचं नाही." ताईने किल्ली खिळ्याला अडकवली, ती हलायची थांबेपर्यंत तिच्याकडे पाहिलं आणि दार ओढून घेतलं. पहिल्या वर्षी तिची दोन पत्रं आली. मग इकडून गेलेली पत्रं पत्ता सापडला नाही म्हणून परत यायला लागली. त्यावर घरात कोणी काही बोललं नाही. मोठी माणसं गप्प बसण्यालाच शहाणपण समजतात, असं धाकटीचं मत होतं, आणि ते ती भर जेवणात ऐकवायची.

धाकटीला ताई शेपूट म्हणायची, कारण उन्हाळ्यात ताई रिकाम्या घरांतल्या झाडांना पाणी घालायला निघाली की ही मागे असायचीच. आता ते काम शेपटीकडे आलं होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचे पेपर संपले होते, निकाल लागायचा होता, आणि दुपार पायरीसारखी तापलेली असताना ती सहा किल्ल्या घेऊन जिने चढायची. बंद घरांत कोंडलेली हवा असायची, थांबलेलं घड्याळ असायचं, टेबलावर विसरलेला चष्मा असायचा. ती पाणी घालायची, पडदे ओढायची, कुलूप लावायची.

एका दुपारी मास्तरीणबाईंच्या कुंड्यांमधली माती ओली लागली. कालचं पाणी एवढं टिकत नाही, हे तिला ठाऊक होतं. मग तिने पडदा पाहिला. त्याचं खालचं टोक उचलून, मधोमध, सैल गाठ मारलेली होती. पाणी घालताना पडदा भिजू नये म्हणून ताई अशीच गाठ मारायची.

आपणच मारली असेल, असं म्हणून तिने ती सोडली. दुसऱ्या दिवशी गाठ बँकवाल्यांकडे होती. तिसऱ्या दिवशी जुळ्यांच्या घरी, आणि तिथे कट्ट्यावर पालथा घातलेला मग अजून ठिबकत होता. मग शेपटीने एक डाव टाकला. तीन दिवस ती एकाही घरात गेली नाही, सहाही किल्ल्या उशीखाली घेऊन झोपली. चौथ्या दिवशी गल्लीत उभं राहून तिने वर पाहिलं, तर सहाच्या सहा खिडक्यांत पडदे गाठ मारून उचललेले होते आणि झाडं हिरवीगार होती.

"चोर आला आणि झाडांना पाणी घालून गेला?" बाबा तारेचं वेटोळं सोडवत म्हणाले. "असा चोर रोज येऊ दे. तूच मारत असशील गाठी. बघून बघून लागते सवय."

"मी गेलेच नाही, बाबा."

"मग ऊन लागलंय तुला. लिंबू पी."

आई भांडी पुसत होती. तिचा हात थांबला. बाबा दुकानात उतरल्यावर तिने हळूच विचारलं, "गाठ कुठे होती गं? बाजूला, की मधे?"

"मधे."

"मग सोडत जाऊ नकोस," आई म्हणाली आणि तेच भांडं पुन्हा पुसायला लागली.

शेपटीने मास्तरीणबाईंच्या खिडकीत मगाखाली चिठ्ठी ठेवली, 'ताई, घरी ये.' दुसऱ्या दिवशी चिठ्ठी तिथेच होती, पण तिच्यावरचा मग उचलून बाजूला ठेवलेला होता आणि कागद भिजून अक्षरं फुटली होती, जणू ओल्या बोटाने कोणी ती ओळ पुन्हापुन्हा वाचली असावी. ती चिठ्ठी हातात घेऊन शेपूट बराच वेळ त्या परक्या खुर्चीत बसून राहिली. या सहा घरांत ताई येते, फक्त आपल्या घरात येत नाही. आणि त्याचं कारण इतकं साधं होतं की तिला रडू यायच्या आधी राग आला. आपलं घर कधी रिकामंच नसतं. बाबा असतात.

त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "मामाकडे जाऊ या. दोन दिवस."

"दुकानात चाळीस पंखे पडलेत."

"लोक दोन दिवस घामेजतील. मरणार नाहीत."

"तुझी जीभ—"

"मी जातेय," आई मधेच म्हणाली. "तुम्ही या, नाहीतर पंखे फिरवत बसा." चार वर्षांत ती बाबांना असं काही पहिल्यांदाच बोलली होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा घास न चावताच गिळला.

निघताना बाबांच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. "कुलूप तू लाव," म्हणत त्यांनी जुडगा शेपटीकडे टाकला. ते जिना उतरेपर्यंत ती थांबली. मग तिने घराच्या किल्लीचा तो जुडगा सातव्या खिळ्यावर, ताईच्या किल्लीशेजारी अडकवला, आणि दार नुसतं ओढून घेतलं. खटका आपोआप बसला.

दोन दिवसांनी, टळटळीत दुपारी ते परतले. गल्लीत कुत्रं होतं, तेही सावलीत. शेपटीने मान वर केली. तिच्या मागोमाग आईने केली, आणि मग, त्या दोघी का थांबल्या म्हणून, बाबांनी. दुकानावरच्या खिडकीत त्यांच्या घराचा पडदा मधोमध गाठ मारून उचललेला होता.

बाबा जिना चढले. दारापाशी त्यांनी खिसे चाचपले.

"जुडगा दे."

"फळीवर आहे," शेपूट म्हणाली.

"फळी आत आहे."

"हो."

गल्लीभरच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस स्वतःच्या दाराशी पिशव्या धरून उभा होता. तो ओरडेल म्हणून शेपूट तयारीत राहिली, तिच्याकडे चार वर्षांची उत्तरं साठलेली होती. पण बाबा दाराला कान लावून ऐकत होते. आत नळ चालू होता. पाणी मगात पडत होतं, आधी पोकळ आवाजात, मग भरत आल्यासारखं.

"नळ उघडा टाकून आलीस?"

"नाही, बाबा."

आई पायरीवर बसली. पदराने मान पुसत, कोणाकडेही न बघता ती म्हणाली, "हाक मारा."

"आणि कुणी उत्तर दिलं नाही तर?"

"मारा तर खरं."

बाबांनी पिशव्या खाली ठेवल्या. तारांनी चिरलेला हात त्यांनी दारावर टेकवला, एकदा घसा खाकरला, आणि ज्या नावाने ते ताईला ती दुडुदुडु चालायची तेव्हापासून बोलवायचे, जे नाव या घरात चार वर्षं कोणी घेतलं नव्हतं, त्या नावाने हाक मारली.

"माऊ. मी आहे गं. दार उघड."

आतला नळ बंद झाला.