तांदळाच्या पाण्याचा पाऊस

हरिदासभाऊंनी पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यातून बोट फिरवलं आणि ते उन्हात धरून पाहिलं. बोटाला पांढरं काहीतरी लागलं होतं, वर दोन मुंग्या फिरत होत्या.

"बुधरीबाई, असा पाऊस तं मी आजच पाह्यलो," ते म्हणाले.

यंत्र बुधरीच्याच सांदवाडीत, घरामागच्या मोकळ्या जागेत उभं होतं. पाऊस पडला की नरसाळ्यातलं पाणी आतल्या दोन वाट्यांत यायचं. एक भरली की कलायची, दुसरी वर यायची, आणि खालचा डबा प्रत्येक वेळी नोंद करून ती हवामानाच्या कचेरीला कळवायचा. हैदराबादेत कामाला असलेली लेक करिश्मा तोच आकडा मोबाईलवर बघायची. गावावर पाऊस दिसला की तिचा फोन आलाच. "यायो, घर गळून राह्यलं का?"

एरवी फोनचं नाव नाही. बुधरीने केला तर ठरलेलं उत्तर, "कामात आहो, मंग करतो." ते मंग काही उजाडायचं नाही. आता आईने करावं तरी काय? एकदा भर उन्हाळ्यात तांदूळ धुतलेलं पाणी मिरचीच्या वाफ्यात टाकायला ती निघाली, आणि जाता जाता तिने ते नरसाळ्यात ओतलं. भात शिजायच्या आत फोन वाजला. पोरीने तेच विचारलं आणि बराच वेळ बोलत बसली. त्यानंतर जीव फारच कासावीस झाला की सांदवाडीत पाऊस पडू लागला.

तिकडे कचेरीतले लोक चक्रावले. आजूबाजूच्या गावांत रणरणतं ऊन, आणि इथेच तेवढी सर! यंत्र तपासा, बिघडलं असेल तर उचलून आणा, असा हुकूम घेऊन हरिदासभाऊ अहेरीहून आले होते.

त्यांनी नरसाळं घासून धुतलं. तपासणीचं पाणी पाऊस म्हणून कचेरीत जाऊ नये म्हणून डब्याचा अँटेना काढून ठेवला. मग मापून आणलेलं पाणी थेंब थेंब सोडत बसले. आत टक टक वाट्या कलत होत्या. बुधरी दारात उभी राहून तो आवाज ऐकत होती. पाणी संपलं तसं भाऊंनी डब्यावरचा आकडा पाहिला, मान हलवली आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. दोन्ही वेळा आकडा बरोबर जुळला.

"मशीन खरं बोलते," ते म्हणाले. "मंग खोटं कोन बोललं?"

"मीच." बुधरी खाली बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. "पर नेऊ नका भाऊ. मशीन गेली तं खऱ्या पावसातबी पोरीचा फोन नाई येनार."

हरिदासभाऊंनी पाण्याचं माप पिशवीत ठेवलं. "बाई, या आकड्यावर धानवाल्यांले सल्ला जाते. पाऊस आला, पानी देऊ नका म्हनून. त्या इसरूचं उन्हाळी धान सुकलं असतं तं?"

हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. इसरूचं शेत तर नाल्यापलीकडेच होतं. ती शरमेने अर्धी झाली.

"पुन्हा नाई टाकनार," ती म्हणाली.

"मशीन राहू द्या म्हनून सांगतो. पर तुमचा पाऊस नोंदीतून खोडा लागन." भाऊंनी अँटेना बसवला, चहा घेतला आणि गाडीला किक मारली.

संध्याकाळी तांदूळ धुऊन बुधरी पाण्याचं भांडं घेऊन सांदवाडीत आली. यंत्रापाशी पाय घुटमळलेच. तिने भांडं खाली ठेवलं आणि फोन लावला.

"यायो, कामात आहो. मंग करतो."

"कर बाई तुझं काम. घर नाई गळून राह्यलं, तेवढंच सांगाचं होतं. इथी पाऊसच नाई. उन्हाळाभर नाई आला."



"मले माहीत होतं, यायो," करिश्मा म्हणाली. मागून कोणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

बुधरी जराशी उभी राहिली. मग तिने भांडं उचललं आणि पाणी मिरचीला घातलं.