पॉइंटला आठ युरो

कार्ल्सरूहेच्या विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल टीममध्ये दहा जणी होत्या आणि त्यातल्या नऊ जणींना पॉइंटमागे आठ युरो मिळत होते. दहावी कौमुदी. ती कॅप्टन. कोच पण तीच, कारण इथे विद्यापीठाच्या टीमला पगारी कोच परवडत नाही, मग टीममधलीच कोणीतरी खेळता खेळता कोचगिरी करते. म्हणजे कामं दोन माणसांची आणि हातात काही नाही.

झालं असं की, यंदा विद्यापीठांच्या स्पर्धेला थंड पेयांची एक कंपनी स्पॉन्सर म्हणून आली. त्यांचा माणूस, हेर्र फोग्ट, पायात पांढरेशुभ्र बूट घालून थेट कोर्टवर उतरला. त्याचं म्हणणं, "अमेरिकेत कॉलेजच्या पोरींना आता खेळायचे पैसे मिळतात. आमच्या चांगल्या पोरी तिकडे पळतात. आल्झो, मग आम्ही का नाही द्यायचे?" त्याने प्रत्येकीपुढे करार ठेवला. पोरींनी उभ्या उभ्या सह्या केल्या.

कौमुदी साताऱ्याहून मास्टर्स करायला आलेली. तिच्या व्हिसाच्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं की बाईंना स्वतंत्र धंदा करायची परवानगी नाही. आणि असला करार म्हणजे सरकारच्या हिशोबाने धंदाच. तरी तिने आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या ऑफिसात, परवानगीसाठी टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मागितला. मिळाला की! स्पर्धा संपल्यावर पाच आठवड्यांनी.

"बरं, मग पुढच्या वर्षी," फोग्ट म्हणाला.

पुढच्या वर्षी ती असणारच नव्हती. उन्हाळ्यात मास्टर्स संपणार होतं, त्यामुळे ही तिची शेवटची स्पर्धा. पहिल्या वर्षी प्रॅक्टिसला चार पोरी यायच्या, त्यातली एक नुसती गप्पा मारायला. तिथून तीन वर्षांत तिने ही टीम फायनलपर्यंत आणली होती. बाकी सगळं गेलं खड्ड्यात, तिला चषक हवा होता.

फायनलच्या दिवशी सकाळी तिचा आत्तेभाऊ तनय हॉलवर आला. हा त्सुफेनहाउझेनला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. येताना डब्यात थालीपीठ आणि डोक्यात आयडिया घेऊन आला होता.

"हे बघ, सोप्पंय," तो म्हणाला. "तुझे पॉइंट तुझ्या टीममधल्या त्या उर्जाच्या नावावर घालायचे. ती जर्मन पासपोर्टवाली, तिला कोण विचारतंय? पैसे आले की तुला देईल."

"म्हणजे बॉल मी टाकायचा आणि नाव तिचं?"

"अगं, नाव काय चाटायचंय का? पैसे बघ ना!"

"दादा, थालीपीठ दे आणि तिकडे जाऊन बस. वर. एकदम शेवटच्या रांगेत."

"काय तोंड आहे गं तुझं," असं म्हणत तो वर गेला. डबा मात्र खाली ठेवून गेला.

कौमुदीने हा प्रश्न आपल्या पद्धतीने कधीच सोडवला होता. करारावर सह्या झाल्यापासून तिने रिंगवर बॉल टाकायचंच सोडलं होतं. पहिल्या तीन मॅचमध्ये तिचे पॉइंट होते चार, तेही फ्री थ्रोचे. बाकी नुसते पास. बॉल आला की इकडे दे, तिकडे दे. घ्या बायांनो, कमवा! आपल्याला आठ युरोची भूक नाही. ज्यांना आहे त्यांना आपण वाढू. असं मनात म्हणताना तिची मान जरा ताठ व्हायची. लोकही म्हणायचे, काय कॅप्टन आहे, स्वतःसाठी एक शॉट घेत नाही. हे तिला फार आवडायचं.

फायनल रेगेन्सबर्गशी होती. उर्जा मूळ रेगेन्सबर्गचीच, तिकडेच वाढलेली. समोरच्या निम्म्या पोरी तिच्या शाळेतल्या. वय एकोणीस, हात लांबच लांब, टीममध्ये सगळ्यात जास्त पॉइंट हिचे. घर मराठी, त्यामुळे मराठी सगळं कळायचं, पण कौमुदीने मराठीत काही विचारलं तरी उत्तर जर्मनमध्ये. कौमुदीला त्याचा राग यायचा. तसा तिला कशाचाही राग यायचा.

पहिला हाफ बरा गेला. तिसऱ्या क्वार्टरला मात्र चाक पंक्चर झालं. उर्जाच्या हातात बॉल आला की समोर दोन दोन जणी उभ्या. ती त्यांच्या डोक्यावरून टाकायची, बॉल रिंगला आपटून बाहेर. पुन्हा तेच, पुन्हा बाहेर. कोर्टाच्या कडेला फोग्ट पॉइंट मोजायला टॅबलेट घेऊन बसलेला, त्याचं बोट हवेतच. बघता बघता चव्वेचाळीस त्रेपन्न. नऊने मागे.

कौमुदीने टाइमआउट घेतला आणि सरळ उर्जावर धावली.

"डोळे आहेत की बटणं? दोघी अंगावर आहेत, तरी टाकतेस! आठ युरोसाठी मॅच घालवणार आहेस का?"

बाकीच्या पोरींना मराठी कळत नव्हतं, पण आवाज कळत होता. त्या बाटल्या तोंडाला लावून उभ्या राहिल्या. उर्जाचं तोंड लाल झालं. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने कौमुदीला मराठीत उत्तर दिलं.

"दुसरी मुलगी माझ्याकडे कुठून येते, माहितेय? ती तुझी आहे. तुझ्यासमोरची. तुला एकटं सोडून माझ्याकडे येते. का? तिला कळलंय तू टाकत नाहीस."

"मी तुम्हाला चान्स देते. पैसे तुम्हाला..."

"आम्ही मागितले तुझ्याकडे?" उर्जा ओरडली. "मला पैसे नव्हते तेव्हाही मी टाकत होते. मला आवडतं म्हणून टाकते! तू म्हणतेस पैसे नको, पण सारखी पैसेच बघतेस. आमच्यापेक्षा जास्त. गेनाऊ, बरोब्बर, तूच!"

"बस खाली," कौमुदी म्हणाली.

"काय?"

"बेंचवर बस. कोच मी आहे."

उर्जाने टॉवेल खुर्चीवर आपटला आणि बसली. वरून शेवटच्या रांगेतून तनय ओरडला, "अगं तिला का काढतेस? वेड लागलंय का?" कौमुदीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

उर्जा नसताना काय होणार होतं, तेच झालं. दोन मिनिटांत चव्वेचाळीस सत्तावन्न. तेराने मागे. कौमुदी उजव्या कोपऱ्यात उभी होती आणि बॉल तिच्याकडे आला. सवयीने तिने पास द्यायला मान वळवली. तेवढ्यात तिची नजर समोर गेली. तिला अडवायचं जिचं काम, ती रेगेन्सबर्गची सोनेरी वेणीवाली तीन मीटर लांब उभी होती, आणि तीही पाठ करून! मागे वळून बघायचीही तिला गरज वाटत नव्हती. रस्त्यात खांब असतो ना, तशी कौमुदी तिला.

कौमुदीच्या डोक्यात तिडीक गेली. ही मला मोजतसुद्धा नाही? आणि त्या तिडिकीतच तिला दुसरंही दिसलं. मला न मोजायला शिकवलं कोणी? मीच. तीन मॅच उभी राहून मीच सगळ्यांना सांगत होते, मला सोडा, माझं काही खरं नाही. बाकीच्या नऊ जणी आठ युरो घेऊन निदान खेळत तरी होत्या. मी मात्र फुकटात मोठेपणा घेत उभी होते.

तिने बॉल टाकला. रिंगपर्यंत पोचलासुद्धा नाही. रेगेन्सबर्गवाल्यांनी टाळ्या पिटल्या. तीन मॅच हात चालवला नव्हता, दुसरं काय होणार?

पुढच्या वेळी तिने पुन्हा टाकला. या वेळी जाळीत. वेणीवालीने चमकून मागे बघितलं. आता बघ, म्हटलं, चांगली बघ.

क्वार्टर संपल्याची शिट्टी झाली तशी कौमुदी बेंचकडे गेली. उर्जा बुटांच्या नाड्यांकडे बघत बसली होती.

"ऊठ," कौमुदी म्हणाली. "तू म्हणालीस ते बरोबर होतं."

"कुठलं? मी खूप काही म्हणाले."

"सगळंच. आता चढू नकोस डोक्यावर. मी पण टाकणार आहे. माझ्यावर माणूस आला की तू मोकळी, तुझ्यावर गेला की मी मोकळी. आणि डिफेन्सला झोपलीस तर परत बसवीन."

"जा जा," उर्जा म्हणाली आणि टॉवेल लांब फेकून उठली.

शेवटची दहा मिनिटं हॉलमध्ये कोणी खाली बसलंच नाही. वेणीवालीला आता कळेना की कुणाकडे पळावं. कौमुदीकडे आली की पलीकडून उर्जा, उर्जाकडे गेली की इकडून कौमुदी. अकराचे आठ झाले, आठाचे तीन. तनय शेवटच्या रांगेतून कधी उतरून पहिल्या रांगेत आला, त्याचं त्यालाच कळलं नाही. अनोळखी आजोबांच्या खांद्यावर हात टाकून तो "डिफेन्स, डिफेन्स" ओरडत होता, आणि आजोबाही ओरडत होते.

सात सेकंद राहिले. अडुसष्ट एकोणसत्तर. एकाने मागे आणि बॉल कौमुदीकडे.

डाव्या बाजूला उर्जा मोकळी होती. तिने हातही वर केलेला. तासापूर्वीची कौमुदी असती तर बॉल डोळे मिटून तिकडे गेला असता, आणि टीम हरली असती तरी ती म्हणायला मोकळी, मी तर दिला होता बाई! आता तसं निसटायला जागा नव्हती. बॉल माझ्या हातात आहे, रस्ता मला दिसतोय, तर टाकायचा मीच. चुकला तर माझा चुकला.

"टाक!" उर्जाच ओरडली. "कौमुदीताई, टाक!"

कौमुदी वेणीवालीला उजवीकडून कापत आत घुसली. एक ड्रिबल, दोन पावलं, अंगावर कोपर बसलं, फाउलची शिट्टी नाही, आणि बॉल तिने बोर्डाच्या कोपऱ्याला टेकवला. बॉल रिंगवर एक चक्कर फिरला आणि आत पडला.

सत्तर एकोणसत्तर. दोन सेकंद बाकी. रेगेन्सबर्गच्या पोरीने अर्ध्या कोर्टावरून जोर लावून फेकला, तो बोर्डाच्या वरून पार प्रेक्षकांत गेला. भोंगा वाजला.

पोरी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. फोग्ट हातात कंपनीची बाटली घेऊन धावत आला. त्याला सर्वोत्तम खेळाडूचा फोटो हवा होता, बाटलीसकट. "एकोणीस पॉइंट तुमचे! अरेरे, तुमचा करार असता तर..."

"बाटली तिकडे ठेवा," कौमुदी त्याला जर्मनमध्ये म्हणाली. "फोटो सगळ्या टीमचा निघेल. चषकाबरोबर. आणि मी मधे उभी राहणार."

उर्जा उड्या मारत आली आणि तिच्या गळ्यात पडली. कौमुदीने तिला एका हाताने घट्ट धरलं. इतकं घट्ट की उर्जाचा श्वास अडकला. मग तिला समोर धरून म्हणाली, "शेवटच्या दोन सेकंदांत तू अडवायची ती पोरगी कुठे होती गं? मोकळी उभी होती ती! बॉल तिच्याकडे गेला असता तर?"

"डोख! पण जिंकलो ना!"

"जिंकलो म्हणून काय झालं? माणूस सोडायचा नाही म्हणजे नाही!"

उर्जा हसत सुटली. कौमुदी तिला ओरडतच होती, आणि ओरडता ओरडता तिने चषकाचा एक कान उर्जाच्या हातात दिला.