तारेने बांधलेली सेफ्टी

"बाबा, हलू नका. बोलू पण नका," पूर्णिमा म्हणाली आणि तिने वडिलांच्या दंडावरच्या पट्ट्यात पुन्हा हवा भरली.

न बोलणं दौलतरावांना कधीच जड गेलं नव्हतं. मिल बंद पडून वर्ष होत आलं, पण त्याबद्दल घरात त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. रोज डबा घेऊन ते बंद फाटकासमोर जाऊन बसत. केस कोर्टात होती. दुसरीकडे कामाला लागलात तर हक्क जाईल, असं युनियनवाले बजावत. फाटक उघडत नव्हतं आणि त्यांना सोडतही नव्हतं.

"प्रेशर परत वाढलंय! सेव खाता ना तिथे बसून?"

"थोडीशी."

इंदूरच्या माणसाची थोडीशी सेव म्हणजे किती, हे पूर्णिमाला ठाऊक होतं. ती नर्सिंग शिकत होती. पट्टा सोडत ती म्हणाली, "सुनो ना बाबा, हार्टमध्येच इंतजाम असतो. ते जास्त ताणलं गेलं की स्वतःच एक हार्मोन सोडतं. ते किडनीला सांगतं, नमक-पाणी बाहेर काढ. नसा पण ढिल्या करतं. मग प्रेशर उतरतं."

बॉयलरवर जन्म काढलेल्या दौलतरावांचा चेहरा कधी नव्हे तो खुलला. "म्हणजे सेफ्टी वाल्व!"

"हां, तसंच."

"मग माझा बिगडला का?"

"बिगडला नाही. तो बिचारा करतोच आहे काम. एकटा किती करणार? गोळी घ्या, नमक कमी करा. आणि मनातलं बोला ना आईजवळ, सगळं दाबून काय ठेवता?"

दौलतरावांनी बाही खाली ओढली. वाफ वाया जाऊ नये, कापड विणणारे साचे थांबू नयेत म्हणून सेफ्टी वाल्वचा दांडा तारेने बांधायची त्यांच्या खात्यात रीतच होती. इन्स्पेक्टर येणार असला की तेवढी तार सोडायची. शेवटची तार त्यांनीच आवळली होती. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप होतं.

पुढच्या आठवड्यात फाटक उघडलं. समोर बसलेले सगळे कामगार धडपडत उठले. आतून भंगाराचा ट्रक आला, त्यात बॉयलरचे कापलेले तुकडे आणि वर ती सेफ्टी, तारेसकट. दौलतराव ट्रकला आडवे गेले.

"हटो भिया, मरना है क्या?" ड्रायव्हर ओरडला.

"एक मिनट. पक्कड आहे?"

पक्कड घेऊन वर चढून ते गंजलेली तार पीळ देत सोडवू लागले.

"दादा, अब इसमें भाप कहाँ?" ड्रायव्हरने विचारलं.

"मालूम है," दौलतराव म्हणाले. तार सुटली, दांडा मोकळा झाला. ट्रक निघून गेला.

घरी आले तेव्हा बायको भाजी निवडत होती. "शैला, मिल गेली गं," एवढंच ते म्हणाले आणि उंबऱ्यात बसून मोठमोठ्याने रडू लागले. पूर्णिमा पट्टा घेऊन धावली.

"राहू दे आज," शैलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या मुठीतली तार हळूच काढून घेतली.